‘मिरर’ म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द आला कुठून?

झिरोमाईल

नागपुरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आरशांचं टेबल आहे. शेजारी एक मराठी फलक लागणार आहे, ‘मिरर’ या शब्दाचा अर्थ आणि उगम सांगणारा. मसुद्यात सध्या तीन वाक्यं आहेत:

‘मिरर हा शब्द संस्कृत मरीचि या शब्दावरून आला.’
‘मिरर म्हणजे मागून चांदी लावलेली काच.’
‘मिरर आणि आरसा या शब्दांचा मूळ अर्थ एकच.’

मुलं हे वाचून वहीत उतरवून घेतील, म्हणून तिन्ही वाक्यं तपासून हवी आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

शब्दकळा

पहिलं वाक्य काढा, ते चूक आहे. दुसरं अपुरं आहे. तिसऱ्याबद्दल रामटेककर यांनी लिहिलं तर बरं, तो त्यांचा प्रांत.

‘मिरर’ इंग्रजीत 13व्या शतकात आला तो फ्रेंचमधून. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मिरेऑर’ असं रूप होतं. ‘मिरे’ म्हणजे निरखून पाहणं, आणि पुढे लागला तो साधन दाखवणारा प्रत्यय. आपण ‘चाळ’वरून चाळणी करतो, ‘किस’वरून किसणी करतो, अगदी तसंच. म्हणजे ‘मिरर’चा शब्दशः अर्थ ‘निरखण्याचं साधन’. त्यात काच नाही, चांदी नाही आणि प्रतिबिंबही नाही.

फ्रेंच क्रियापद आलं लॅटिन ‘मिरारी’वरून. त्याचा अर्थ नुसतं पाहणं नव्हे, आश्चर्याने पाहणं. ‘मिरुस’ म्हणजे अद्भुत. ‘मिरॅकल’, ‘अॅडमायर’, ‘मार्व्हल’ ही सगळी याच घरातली भावंडं. स्पॅनिशमध्ये ‘मिरार’ म्हणजे आज साधं ‘बघणे’ आणि ‘मिरादोर’ म्हणजे जिथून दूरवर पाहता येतं तो सज्जा किंवा मनोरा. आश्चर्य हळूहळू झिजलं आणि बघणं तेवढं उरलं.

आता मराठी वाचणाऱ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट. लॅटिन ‘मिरुस’च्या मागे जो आदिम इंडो-युरोपीय धातू (संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या सामाईक मूळ भाषेतलं शब्दाचं मूळ) मानतात, त्याचा संस्कृतातला वारस आहे ‘स्मि’. स्मयते, म्हणजे हसतो. त्यावरून स्मित. आणि ‘वि’ उपसर्ग लागला की विस्मय! हसण्यापासून नवल वाटण्यापर्यंतचा जो प्रवास लॅटिनने केला, तोच संस्कृतनेही केला. इंग्रजी ‘स्माइल’ही त्याच धातूचा. तेव्हा फलकावर संस्कृतशी नातं सांगायचंच असेल तर ‘मरीचि’ नको, ‘विस्मय’ लिहा. ते नातं खरं आहे आणि जास्त सुंदरही आहे.

फक्त ‘संस्कृतवरून आला’ असं लिहू नका. मिरर आणि विस्मय ही चुलत भावंडं आहेत, बाप-लेक नव्हेत.

अंबाझरी

एक शंका. ‘मिराज’ म्हणजे मृगजळ, आणि संस्कृतात मृगजळाला मरीचिका म्हणतात. म आणि र तेच, अर्थही तोच. मग मरीचि इतक्या सहज कसं नाकारता?

शब्दकळा

शंका रास्त आहे, बहुतेकांना इथेच चकवा बसतो. शब्दाचं मूळ शोधताना निव्वळ कानाला सारखं लागतं यावर भिस्त ठेवायची नसते. आधी शब्दाचं सर्वांत जुनं रूप आणि ते कोणत्या भाषेतून आलं ते पाहायचं. मग ध्वनी नियमाने जुळतात का ते पाहायचं, आणि तोच नियम दुसऱ्या शब्दांतही दिसतो का याचा पडताळा घ्यायचा.

‘मिराज’ हा फ्रेंच शब्द. ‘स मिरे’ म्हणजे स्वतःला आरशात पाहणं, प्रतिबिंबित होणं. त्यावरून तो घडला. 1798 साली नेपोलियनच्या स्वारीबरोबर इजिप्तला गेलेल्या गास्पार मोंज या गणितज्ञाने वाळवंटातल्या या दृश्याचं शास्त्रीय स्पष्टीकरण दिलं आणि त्या सुमारास शब्दाचा प्रसार झाला. त्यात ‘मिर’ हा धातू आणि ‘आज’ हा फ्रेंच प्रत्यय आहे. मरीचिमधला ‘च’ याच्याशी जुळवायला काहीच नाही. शिवाय मरीचि म्हणजे किरण, तिथे पाहण्याचा किंवा नवलाचा अर्थच नाही.

उलट ‘स्मि’ बघा. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला ‘स’नंतर म किंवा न आला की ‘स’ गळतो. पुरावा घरातलाच आहे. संस्कृत ‘स्नुषा’ लॅटिनमध्ये झाली ‘नुरुस’, आणि आपल्याकडे झाली ‘सून’. संस्कृत ‘स्ना’, म्हणजे आपलं न्हाणं, त्याला लॅटिनमध्ये ‘नारे’, पोहणे. म्हणून ‘स्मि’समोर ‘मि’ येणं हे नियमात बसतं. एक नियम तीन ठिकाणी लागू पडला की त्याला योगायोग म्हणता येत नाही.

रामटेककर

तिसऱ्या वाक्याबद्दल. आरसा आणि मिरर आज एकाच वस्तूला म्हणतात, पण त्यांची मुळं वेगळी आहेत.

आरसा आला ‘आदर्श’वरून. आ + दृश्, ज्यात पाहायचं ते. प्राकृतात ‘र्श’ फोडून ‘रिस’ झालं. वर्षाचं ‘वरीस’ आपण आजही बोलतो, तीच ही फोड. मधला ‘द’ गळाला, जसा ‘पाद’चा पाय होताना गळाला. मग आअरिस, आरिसा, आरसा. ज्ञानेश्वरीत, म्हणजे 1290च्या मराठीत, ‘आरिसा’ असंच रूप आहे. इंग्रजांनी ‘मिरूर’ म्हणायला सुरुवात केली तेही तेच शतक, हे फलकावर नाही तरी मुलांना तोंडी सांगण्यासारखं आहे.

आज ‘आदर्श’ म्हटलं की आदर्श विद्यार्थी, आदर्श गाव आठवतं. आरसा हा त्याचा मूळ अर्थ मराठीत पार मागे पडला. कालिदासाच्या कुमारसंभवात सातव्या सर्गात नटलेली पार्वती स्वतःला ‘आदर्शबिंबात’ पाहते, तिथे अर्थ आरसाच. ज्याच्याकडे पाहून स्वतःला नीट करायचं ते, असा अर्थ पुढे पसरला; ज्या पोथीवरून नक्कल उतरवायची तिलाही आदर्श म्हणत. इंग्रजीतही हेच घडलं. मध्ययुगात ‘मिरर’ शब्द अनुकरणीय माणसासाठी आणि नीतिग्रंथासाठी वापरात होता. धातू निराळे, पण दोन्ही शब्द चालत चालत एकाच ठिकाणी पोचले. फलकावर तिसरं वाक्य बदलून हेच लिहावं असं मला कळकळीने वाटतं.

दर्पण मात्र तिसऱ्याच वाटेचा. धातू ‘दृप्’, गर्वाने फुगणे. दर्प म्हणजे गर्व, आणि जो पाहून गर्व चढतो तो दर्पण. रामटेकच्या टेकडीशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या मेघदूतात कैलासाला ‘त्रिदशवनितादर्पण’ म्हटलंय, देवांगनांचा आरसा. तिथे बर्फाळ पर्वताची चकाकी हाच आरसा, काचेचा संबंध नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढलं त्याचं नावही ‘दर्पण’. जर्मनीत ‘श्पीगेल’ साप्ताहिक, इंग्लंडात ‘मिरर’ वर्तमानपत्र, बातम्यांच्या पत्राला हे नाव सगळ्यांनाच सुचलं.

आपल्याकडे विदर्भात ऐना, आयना जास्त कानावर येतो. तो फारसी. ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ ही म्हण म्हणताना मात्र विदर्भातला माणूसही आरसाच म्हणतो.

अंबाझरी

मरीचिचा आग्रह सोडला. ‘सून’चं उदाहरण पटलं. जर्मन ‘श्पीगेल’ कुठला मग? तो मिररसारखा वाटत नाही.

शब्दकळा

तो लॅटिन ‘स्पेक्युलम’चा. लॅटिन लोक आरशाला ‘मिर’वरचा शब्द वापरतच नव्हते, ‘स्पेक्युलम’ म्हणत. धातू ‘स्पेक’, पाहणे. संस्कृत ‘पश्यति’ आणि ‘स्पश’ म्हणजे हेर, हे त्याचेच नातलग. इटालियन ‘स्पेक्यो’, स्पॅनिश ‘एस्पेहो’, जर्मन ‘श्पीगेल’ सगळे तिथून. फ्रेंचांनी मात्र वेगळा शब्द धरला आणि इंग्रजांनी तो उचलला.

प्रकाशकिरण

आता दुसरं वाक्य. ‘मागून चांदी लावलेली काच’ ही व्याख्या घेतली तर मानवजातीचे बहुतेक आरसे बादच होतील. तुर्कस्तानातल्या चाताल ह्योयुक इथे घासून गुळगुळीत केलेले ऑब्सिडियन या ज्वालामुखीतल्या काचेसारख्या दगडाचे आरसे सापडलेत, सुमारे 8000 वर्षांपूर्वीचे. पुढे हजारो वर्षं आरसा म्हणजे घासलेलं तांबं किंवा कांसं. केरळातला आरन्मुळा कण्णाडी आजही तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचा, त्यात काच नाहीच. 1611च्या इंग्रजी बायबलात कांशाच्या आरशांना ‘लुकिंग ग्लास’ म्हटलंय, कारण तोवर इंग्रजीत काच आणि आरसा यांची इतकी सरमिसळ झाली होती. काचेवर चांदीचा थर रासायनिक रीतीने चढवायची पद्धत युस्टुस फॉन लीबिगने 1835 साली दाखवली. त्याआधी काचेमागे कथील आणि पाऱ्याचा लेप असे.

व्याख्या अशी द्या: पडलेला प्रकाश नियमित परावर्तित करून स्पष्ट प्रतिमा दाखवणारा गुळगुळीत पृष्ठभाग म्हणजे आरसा.

‘नियमित’ हा शब्द गाळू नका, सगळी मेख त्यातच आहे. चांगला पांढरा कागद अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी 80 टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो, तरी त्यात तोंड दिसत नाही. शांत पाणी वरून पाहिलं तर जेमतेम 2 टक्के परत पाठवतं, तरी त्यात झाड दिसतं. म्हणजे किती प्रकाश परततो हे दुय्यम, तो विस्कटतो का हे मुख्य. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर. पृष्ठभागावरचे उंचसखल भाग याच्या अंशाइतके बारीक असले की किरण शिस्तीत परततात. कागदाचे तंतू त्याच्या कितीतरी पट जाड असतात, म्हणून किरण दाही दिशांना उधळतात.

टेबलावर तीन वस्तू शेजारी ठेवा: आरसा, पांढरा कागद, सायकलचा लाल रिफ्लेक्टर. टॉर्च मारून दाखवा. रिफ्लेक्टरमध्ये परस्परांना काटकोनात असलेल्या तीन-तीन पृष्ठांचे बारीक कोपरे असतात, ते प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात. म्हणून तो चमकतो, पण तोंड दाखवत नाही. परावर्तक आणि आरसा यांतला फरक मुलांना एका मिनिटात कळतो.

मृगजळाचा विषय निघालाच आहे तर: मे महिन्यात वर्धा रोडवर दुपारी पुढचं डांबर ओलं दिसतं, तिथे पाणीही नसतं आणि आरसाही नसतो. डांबरालगतची हवा वरच्या हवेपेक्षा बरीच तापलेली, म्हणून विरळ. आकाशाकडून तिरपा येणारा किरण त्या थरांत वाकत वाकत वर वळतो आणि आपल्याला रस्त्यावर आकाशाचा तुकडा दिसतो. दिसण्यापुरता आरसा, घडतं ते अपवर्तन, म्हणजे किरणाचं वाकणं.

झिरोमाईल

फार मोलाची माहिती. चांदीचा आरसा मुलांसमोर करून दाखवता येईल का? आणि 2 बाय 3 फुटांचा एक आरसा प्लायवर लावायचा आहे, तो कोणत्या जाडीचा घ्यावा?

प्रकाशकिरण

करून दाखवता येतो, पण शिक्षकानेच करायचा, चष्मा आणि हातमोजे घालून. मुलं दोन मीटर लांब.

100 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात 1.7 ग्रॅम सिल्वर नायट्रेट. त्यातलं 5 मिली स्वच्छ परीक्षानळीत घ्या. विरळ सोडियम हायड्रॉक्साइडचे 2-3 थेंब टाकले की तपकिरी साका पडेल. आता अमोनियाचं विरळ द्रावण थेंबाथेंबाने घाला आणि साका विरघळताक्षणी थांबा. मग 5 टक्के ग्लुकोजचं द्रावण 1-2 मिली, आणि नळी सुमारे 60 अंश गरम पाण्याच्या पेल्यात न हलवता उभी ठेवा. काही मिनिटांत आधी धुरकट, मग पिवळसर, आणि मग एकाएकी नळीची आतली बाजू चकाकते.

बिघडतं ते बहुतेक तीन कारणांनी. नळी तेलकट असली तर चांदी काचेला न धरता काळी-करडी भुकटी होऊन खाली बसते. नळी आधी साबणाने, मग विरळ नायट्रिक आम्लाने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावी. अमोनिया जास्त झाला तर थर येतच नाही किंवा पातळ येतो. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्लोराइडमुळे सुरुवातीलाच दुधट साका पडतो.

आणि हे कृपया ठळक अक्षरांत लिहून ठेवा: अमोनियायुक्त द्रावण आयत्या वेळी करायचं आणि उरलेलं साठवायचं नाही. ते ठेवून दिलं किंवा वाळलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. प्रयोग संपताच भरपूर पाणी आणि थोडं विरळ नायट्रिक आम्ल घालून ते निकामी करा. सिल्वर नायट्रेट बोटांना लागलं तर काळे डाग पडतात, ते काही दिवस जात नाहीत.

हिराकटर

आरशाचं मी सांगतो. आधी शब्दाचं. बाजारात ‘मिरर’ म्हणजे मागून चांदी आणि रंग चढवलेली काच, एवढाच अर्थ. इमारतीच्या दर्शनी भागाला लावतात ती ‘रिफ्लेक्टिव्ह’ काच, ती मिरर नाही. रात्री आत दिवा लागला की आरपार दिसते. स्टीलच्या पत्र्याला ‘मिरर फिनिश’ म्हणतात, तिथे मिरर म्हणजे पॉलिशचा दर्जा. गिऱ्हाईक तिन्हीला मिररच म्हणून मागून राहिले, त्यामुळे ऑर्डर देताना कोणता ते फोड करून सांगावं.

2 बाय 3 फुटाला 5 मिमी घ्या. काचेचं वजन दर चौरस मीटरला दर मिमी जाडीमागे अडीच किलो धरायचं. या मापाचा 5 मिमी आरसा सुमारे 7 किलो भरेल. 3 मिमी हलका पडतो, पण प्लाय जराही वाकडी असली की त्याबरोबर वाकतो आणि चेहरा लांबट दिसतो. कडा पॉलिश करून घ्या, कोऱ्या कडेवर मुलाचा हात लागला तर कापतो.

चांदी मागे आहे की पुढे, हे पेन्सिलीने कळतं. टोक आरशाला टेकवा. मागे चांदी असेल तर टोक आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट दिसते, 5 मिमीच्या आरशात समोरून पाहिलं तर साडेसहा-सात मिमी. पुढे चांदी असेल तर टोकाला टोक भिडतं. आरसा जितका जाड तितकी फट मोठी, त्यामुळे फसवून कमी जाडीचा दिला तर तेही लक्षात येतं.

लावताना: व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका. त्यातलं आम्ल मागचा रंग खातं, मग चांदी खातं, आणि काही महिन्यांत समोरून काळे ढग दिसतात. न्यूट्रल सिलिकॉन मागा. तो उभ्या पट्ट्यांत लावा, गोल कडं करू नका, म्हणजे मागे हवा खेळते. खालची कड सरळ लाकडावर टेकवू नका, रबराचा तुकडा द्या. स्क्रू लावणार असाल तर वॉशर घालून हाताने पुरेल इतकाच आवळा. जास्त पिळला की भोकापासून तडा जातो, कधी कधी दुसऱ्या दिवशी.

आपल्या इथली खास अडचण म्हणजे कूलर. त्याचा ओला झोत सरळ आरशावर आला की कडेतून ओल आत शिरते आणि कडा काळ्या पडायला लागतात. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये कूलर असेल तर आरसा झोताच्या बाहेर ठेवा. पुसताना पाणी आरशावर मारू नका, कापडावर घ्या आणि वरून खाली पुसत या. संडासाचं अॅसिड किंवा अमोनियाचा क्लीनर त्याच्या जवळ नको. तो ओघळून खालच्या कडेत साचतो, आणि खराबी नेहमी तिथूनच सुरू होते.

झिरोमाईल

फलकाचा नवा मजकूर असा केलाय, नजर टाकावी:

‘मिरर: हा शब्द 13व्या शतकात लॅटिनमधून इंग्रजीत आला. मूळ अर्थ नवलाने पाहणे. संस्कृतातले स्मित आणि विस्मय हे त्याचे दूरचे नातलग. मराठी आरसा हा आदर्श या शब्दावरून आला, अर्थ ज्यात पाहायचे ते. प्रकाशाचे नियमित परावर्तन करून स्पष्ट प्रतिमा दाखवणारा गुळगुळीत पृष्ठभाग म्हणजे आरसा. तो काचेचाच असतो असे नाही.’

शब्दकळा

‘लॅटिनमधून’च्या जागी ‘फ्रेंचमार्गे लॅटिनमधून’ करा. ‘मूळ अर्थ’च्या जागी ‘मूळ लॅटिन धातूचा अर्थ’ करा, कारण इंग्रजीत शिरला तेव्हा शब्द वस्तूचंच नाव होता.

रामटेककर

‘आदर्श’ अवतरण चिन्हात घाला. नाहीतर मुलं ‘आदर्श आरसा’ असं वाचतील.

झिरोमाईल

दोन्ही दुरुस्त्या केल्या. फलक उद्या छापायला जातो. आरसा 5 मिमीचा, कडा पॉलिश करून, न्यूट्रल सिलिकॉनसह सांगितलाय. कूलरची जागा बदलायला हॉलवाल्यांना कळवलंय.